दोन आकडे आणि विहिरीवरची मोटर



आमच्या मामांच्या विहिरीवरची मोटर एकाच उन्हाळ्यात दोनदा जळाली. पहिल्यांदा जळाली तेव्हा मामांनी वीज देणाऱ्यांना बोल लावला. "लाईनला दाबच नाही, मोटर टिकणार कशी?" वायंडिंग करून आणली, तीन आठवडे चालली, आणि पुन्हा जळाली. या खेपेला दोष वायंडिंगवाल्याच्या माथी गेला. "हलकी तार घातली असणार त्यानं." तिसऱ्यांदा मोटर विहिरीवर बसवली त्या दिवशी मी गावी होतो. मामा म्हणाले, "तू कॉलेजात हेच शिकवतोस ना? मग सांग बरं, ही मोटर का जळते?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटले, "मामा, मला तीनच मापे हवीत. दोन दाबाची आणि एक प्रवाहाचे. वायरमनला बोलवा, मोटर दहा मिनिटे चालवू, आणि मग कागदावर हिशेब करू."

तो हिशेब आज मी तुम्हांला सांगणार आहे. त्याला गुणाकार आणि भागाकार याखेरीज काही लागत नाही. पण तो येत नसला म्हणजे मोटर जळते, बिल फुगते, आणि कधी कधी घरातले माणूसही दगावते. तेव्हा शक्य असेल त्यांनी हाताशी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

प्रथम चार शब्द पक्के करू या. टाकी उंचावर असली की नळाला पाण्याचा जोर जास्त असतो, हे आपण रोज पाहतो. विजेच्या अशा जोराला आपण दाब म्हणतो आणि तो व्होल्टमध्ये मोजतो. घरात येणारा दाब साधारण २३० व्होल्ट. नळातून मिनिटाला किती पाणी गेले, तसे तारेतून किती वीज वाहिली ते प्रवाहाचे माप, ते अँपिअरमध्ये. नळ अरुंद असला, लांब असला, तर पाणी अडखळते. तसे तारही विजेला अडवते. त्या अडवण्याला रोध म्हणतात. त्याचे माप ओहम. आणि या साऱ्यातून दर सेकंदाला किती काम होते, किंवा किती उष्णता निघते, ती शक्ती. तिचे माप वॅट. शिक्षक बंधुभगिनींना ठाऊकच आहे, की क्रमिक पुस्तकात दाबाला विभवांतर आणि प्रवाहाला विद्युतधारा म्हणतात. आज आपण दाब आणि प्रवाह हेच शब्द ठेवू.

या चौघांपैकी दाब आणि प्रवाह ही दोन मापे मीटरवर वाचता येतात. उरलेली दोन त्यांतून काढायची. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते. एक भागाकार, एक गुणाकार, एवढेच.

यातला भागाकार आपल्याला एका शाळामास्तरांनी दिला. गेऑर्ग ओहम हे जर्मनीतले गृहस्थ, कुलपे करणाऱ्या कारागिराचे चिरंजीव. कोलोन शहरातल्या शाळेत ते गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. त्या काळच्या बॅटऱ्या एकसारख्या टिकत नसत. प्रयोग चालू असतानाच त्यांचा जोर उतरे. ओहमनी काय केले, तर तांबे आणि बिस्मथ या दोन धातूंचे जोड घेतले, एक जोड उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. अशा जोडांतून थोडी पण एकसारखी वीज मिळते. मग कमीअधिक लांबीच्या तारा एकामागून एक लावून, टांगलेली चुंबकसूची किती वळते ते त्यांनी टिपून ठेवले. १८२७ साली त्यांचे पुस्तक निघाले. पहिल्याप्रथम त्याचे स्वागत थंडच झाले. पण १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ले पदक दिले, आणि आज रोधाचे माप जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते. शाळेतल्या साधनांवर जग हसले, तरी नीट घेतलेले माप हसण्यावारी जात नाही, हे यातून आपण शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता मामांच्या विहिरीकडे चला. मीटरची पेटी खांबापाशी, विहीर तेथून दीडशे मीटर. मोटर सिंगल फेजची, दोन अश्वशक्तीची. तिच्या पाटीवर लिहिलेले २३० व्होल्ट, १० अँपिअर. वायरमनने मोटर चालू ठेवून पेटीपाशी दाब मोजला: २२६ व्होल्ट. मी मामांकडे पाहिले. लाईनला दाब नाही ही तक्रार निदान त्या दिवशी तरी खरी नव्हती. मग विहिरीवर, मोटरच्या स्टार्टरपाशी मोजला: १८६ व्होल्ट. नंतर त्याने टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा मीटर लावून प्रवाह पाहिला: १२ अँपिअर.

२२६ मधून १८६ गेले, उरले ४०. पेटीपासून विहिरीपर्यंत जाताना ४० व्होल्ट वाटेतच नाहीसे झाले. कुणी खाल्ले? वाटेत तारेशिवाय दुसरे काही नव्हते. म्हणून भागाकार केला. ४० भागिले १२, म्हणजे सुमारे ३.३ ओहम. हा त्या तारेचा रोध.

मामा म्हणाले, "हा आकडा जास्त की कमी, हे आम्ही कसं ओळखावं?" ओळखता येते. ॲल्युमिनियमच्या एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध सुमारे ०.०२८ ओहम असतो. तांब्याच्या तारेचा ०.०१७. लांबीने गुणा, जाडीच्या चौरस मिलिमीटरांनी भागा, की तुमच्या तारेचा रोध हातात आला. मामांची तार अडीच चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची होती. घराच्या फिटिंगमधून उरलेली भेंडोळी त्यांनी विहिरीकडे ओढली होती. लांबी मात्र दीडशे मीटर धरायची नाही, बरं का. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणून तीनशे मीटर. ०.०२८ गुणिले ३००, भागिले २.५, बरोबर ३.३६ ओहम. मीटरवरून काढलेला रोध आणि तारेच्या मापावरून काढलेला रोध, दोन्ही जुळले. चोर सापडला.

आता दुसरा हिशेब, गुणाकाराचा. तारेत ४० व्होल्ट जातात आणि तिच्यातून १२ अँपिअर वाहतात. ४० गुणिले १२, बरोबर ४८० वॅट. एवढी शक्ती नुसती तार तापवण्यात जात होती. मोटर दिवसाला सहा तास चालली तर २,८८० वॅट-तास. एक हजार वॅट-तासांचा एक युनिट. म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन युनिट. शंभर दिवसांच्या हंगामात २८८ युनिट. मीटर पेटीपाशी असल्यामुळे तेही युनिट मामांच्याच नावावर पडत होते आणि पाण्याचा एक थेंब त्यांतून वर येत नव्हता. आपापल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा.

पण यात मोटर जळण्याचे कारण कुठे आले? तेच आता सांगतो. कमी दाबात सगळी उपकरणे सारखी वागत नाहीत. हजार वॅटची इस्त्री घ्या. तिच्यात तापणारी तार असते आणि तिचा रोध फारसा बदलत नाही. २३० व्होल्टवर ती ४.३५ अँपिअर घेते. २३० भागिले ४.३५, म्हणजे सुमारे ५३ ओहम. दाब १८० झाला तर १८० भागिले ५३, म्हणजे ३.४ अँपिअर. शक्ती १८० गुणिले ३.४, सुमारे ६१२ वॅट. दाब कमी, प्रवाह कमी, उष्णता त्याहून कमी. इस्त्री मंद तापते, इतकेच. तिचे नुकसान काही होत नाही.

मोटरचे तसे नाही. तिच्या डोक्यावर पाणी चढवण्याचे ओझे असते. दाब कमी पडला तरी ते ओझे उचलण्यासाठी ती प्रवाह जास्त ओढते. पाटीवर १० लिहिलेले असताना मामांची मोटर १२ घेत होती, ती यामुळेच. "दोनच अँपिअर जास्त ना?" असे कुणी म्हणेल. पण तारेत निघणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध, आणि शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. तेव्हा शक्ती म्हणजे प्रवाह, पुन्हा प्रवाह, आणि रोध यांचा गुणाकार. इंग्लंडातल्या जेम्स जूल यांनी १८४१ साली तारा पाण्यात बुडवून, पाणी किती तापते ते मोजून हा नियम मांडला. दहाचा वर्ग शंभर, बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस. म्हणजे वायंडिंगमधली उष्णता जवळजवळ दीडपट झाली. ऐन वैशाखात रोज सहा तास अशी तापली तर तारेवरचे रोगण करपणार आणि मोटर जाणारच. दोष वायंडिंगवाल्याचा नव्हता. लाईनचाही नव्हता. दोष त्या फुकट मिळालेल्या भेंडोळ्याचा होता.

उपाय हिशेबातच आहे. तार चौपट जाड, म्हणजे १० चौरस मिलिमीटरची घेतली तर रोध एक चतुर्थांश होतो: ०.८४ ओहम. १० अँपिअरला ८.४ व्होल्ट जातात, आणि वाया जाणारी शक्ती ८.४ गुणिले १०, म्हणजे ८४ वॅट. कुठे ४८० आणि कुठे ८४! तांब्याची घ्यायची तर ६ चौरस मिलिमीटरची तार जवळजवळ तेच काम करते. मामांनी १० ची ॲल्युमिनियमची केबल आणली. तिला मोजून पैसे पडले. पण पैसे तारेला पडले; मोटरला पुन्हा पडले नाहीत.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. मोटरच्या बाबतीत दाब गुणिले प्रवाह म्हणजे पूर्ण शक्ती नव्हे. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे हेलकावे खाते, आणि मोटरमध्ये प्रवाहाचा हेलकावा दाबाच्या थोडा मागे पडतो. म्हणून त्या गुणाकाराला आणखी एका आकड्याने गुणावे लागते. त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. चांगला कपॅसिटर असलेल्या मामांच्या मोटरसारख्या मोटरला तो एकाच्या जवळ असतो, म्हणून आपला साधा हिशेब जमला. कपॅसिटर बिघडला की तो जमायचा नाही. दुसरे असे, की एलइडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर यांना भागाकाराचा नियम सरसकट लावू नका. त्यांच्या पोटात वेगळी यंत्रणा असते. तार, शेगडी, इस्त्री, गीझर यांना मात्र तो बिनदिक्कत लावा.

प्रवाहाच्या वर्गाची ही गोष्ट एकदा कळली, की गावाबाहेरच्या खांबांचे कोडेही सुटते. तेथपर्यंत वीज ११,००० व्होल्टने येते आणि डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ती आपल्या कामाच्या दाबावर उतरते. इतका भयंकर दाब कशाला? तर दाब दसपट केला की तितक्याच शक्तीला प्रवाह एक दशांश पुरतो, आणि तारेतली नासाडी एक शतांश होते. महाराष्ट्रात २०१८ साली शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरणाची योजना आली, तिचे मर्म हेच होते. उच्च दाबाची लाईन शेताच्या जितकी जवळ न्यावी आणि तेथे एकदोन शेतकऱ्यांपुरता छोटा ट्रान्सफॉर्मर बसवावा, तितकी कमी दाबाची लांब तार टळते. मामांच्या शेतातला हिशेबच मोठ्या पाटीवर मांडलेला!

आता तारेच्या सांध्याकडे वळू. दोन तारा नुसत्या पीळ देऊन जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि पावसाने तो सांधा गंजला. त्याचा रोध अर्धा ओहम झाला असे समजा. दहा अँपिअर वाहताना तेथे पाच व्होल्ट जातील; पाच गुणिले दहा, पन्नास वॅट. हा आकडा लहान वाटतो. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, आणि त्याच्या टोकावर कथील पाण्यासारखे वितळते. त्याच्या दुप्पट उष्णता भुईमुगाच्या शेंगेएवढ्या जागेत, तीही गोठ्याच्या आढ्याशी, वैरणीजवळ! आणि एक ध्यानात घ्या, अशा वेळी फ्यूज उडत नाही. फ्यूजला फक्त प्रवाह कळतो, आणि प्रवाह तर नेहमीचाच दहा अँपिअर असतो. फ्यूज गप्प राहतो आणि सांधा पेटतो. म्हणून सांधा शक्यतो नसावाच. असला तर योग्य जोडणीचा, उघड्यावर दिसेल असा असावा, आणि हंगामातून एकदा वायरमनकडून तपासून घ्यावा. हाताला कोमट लागणारे प्लग, वास येणारे बटण, काळा पडलेला स्टार्टर ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणे.

शेवटचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. तो आपल्या शरीराचा. कोरड्या कातडीचा रोध पुष्कळ असतो, हजारो ओहम. पण घामाने भिजलेले, ओल्या सरीत अनवाणी उभे असलेले अंग घ्या. त्याचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० भागिले १,०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. एका मिलिअँपिअरचा म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागाचा हिशेब धरला तर २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. पन्नास ते शंभराला हृदयाचा ठोका विस्कटू शकतो. आणि येथे २३०! इस्त्री चार अँपिअर घेते, मोटर दहा घेते. माणूस मरायला त्यांच्या शंभराव्या हिश्श्याचाही प्रवाह पुरतो. तो सामान्य फ्यूजच्या गावीही नसतो. म्हणून ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे यंत्र, म्हणजे आरसीसीबी, घरात बसवून घ्यावे; मोटरला नीट अर्थिंग असावे; आणि ओल्या हाताने स्टार्टरला शिवू नये. "आजवर काही झालं नाही" हा हिशेब नव्हे. आजवर तुमचे पाय कोरडे होते, एवढाच त्याचा अर्थ.

शिक्षक मित्रहो, हे सारे वर्गात दाखवता येते, आणि तेही धोक्याशिवाय. घरची वीज प्रयोगाला मुळीच घेऊ नका. बॅटरीचे दीड-दीड व्होल्टचे तीन सेल, नायक्रोमची बारीक तार, आणि एक साधा मल्टिमीटर एवढे पुरे. आधी एक सेल लावा, मग दोन, मग तीन. दर वेळी तारेच्या दोन टोकांमधला दाब आणि तिच्यातला प्रवाह मुलांनाच वाचू द्या. तारेचा रोध दहा ओहम असेल, तर दीड व्होल्टला सुमारे ०.१५ अँपिअर, तीनला ०.३०, साडेचारला ०.४५ असे आकडे येतील. सेल जुने असले तर दाबच थोडा कमी भरेल. जो भरेल तोच लिहायचा, पुस्तकातला नाही. प्रत्येक ओळीत भागाकार केला, की उत्तर दहाच्या जवळपासच येते हे मुलांना स्वतः दिसेल. मग गुणाकार करायला सांगा: सुमारे ०.२३ वॅट, ०.९ वॅट, २ वॅट. दाब तिप्पट झाला आणि शक्ती नऊपट झाली. हे पाठ करायला सांगू नका, फळ्यावर उमटू द्या.

त्यानंतर तारेच्या जागी तारेचा जुना टॉर्चचा बल्ब लावा. येथे भागाकाराचे उत्तर एकच येत नाही. दाब वाढवत न्याल तसा रोध वाढतो, कारण बल्बमधली तार तापून लाल, मग पिवळी होते, आणि तापलेल्या धातूचा रोध जास्त असतो. "गुरुजी, ओहमचं चुकलं का?" असे एखादा पोरगा विचारील. त्याला शाबासकी द्या. चुकले नाही, तारेचे तापमान एकसारखे असेल तरच रोध एकसारखा राहतो, एवढी अट त्या नियमाला आहे. आणि मग घरचा अभ्यास म्हणून सांगा, घरातल्या इस्त्रीच्या, मिक्सरच्या, मोटरच्या पाटीवरचे आकडे वहीत उतरवून आणा. वस्तू बंद असताना, प्लग काढून! ज्या घरात मुलाने पाटी वाचली, त्या घरात निदान एक माणूस तरी हिशेब करणारा झाला.

मामांनी मला परवा विचारले, "आता शेजारच्या विहिरीवर शेततळ्यापर्यंत तार न्यायची म्हणतात, किती जाड घ्यायची?" मी उत्तर दिले नाही. मी विचारले, "लांबी किती, मोटर किती अँपिअरची?" मामांनी स्वतःच खिशातून पेन्सिल काढली, लांबीची दुप्पट केली, आणि गुणाकार मांडला. मोजण्याचे काम जाणत्या वायरमनवर सोपवावे, श्रोतेहो. पण हिशेब आपला आपण करावा. तो आपल्याला आला, की दोष कुणाला द्यायचा आणि पैसा कुठे घालायचा, हे दोन्ही आपोआप कळते.